गुळवेल आणि कावीळ

माकणीकडील वाचकांस लिंबावर चढलेली गुळवेल काय असते हें सांगावयास नको. संस्कृतांत तिला अमृता व छिन्नरुहा अशीं नांवें आहेत. छिन्नरुहा म्हणजे तोडली तरी पुन्हां रुजणारी, आणि हें नांव अगदीं यथार्थ आहे. ताप हटेना, तोंडाची चव गेली, कीं घरची वडीलधारी बाई बोटभर कांडें ठेचून काढा करावयास सांगते. ह्या उपचाराची थट्टा करणें आम्हांस मान्य नाहीं.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. शारदिनी डहाणूकर व त्यांचे सहकारी ह्यांनीं ह्या वेलीची कसून परीक्षा केली. पित्ताची वाट तुंबून कावीळ झालेल्या ३० रोग्यांवरील प्रयोग १९९३ सालीं प्रसिद्ध झाला. तुंबलेलें पित्त काढून देण्याच्या काळांत ज्यांस नेहमींच्या उपचारांबरोबर गुळवेलही दिली, त्यांपैकीं एकाच्याही रक्तांत जंतूंचा विषार पसरला नाहीं. ज्यांस ती दिली नाहीं, त्यांपैकीं निम्म्यांच्या रक्तांत तो पसरला. मात्र तेथें औषध मोजून दिलें जात होतें व रोगी डॉक्टरांच्या नजरेखालीं होते, हें विसरूं नये.

गुण येतो तो कशानें? वेलींतील कांहीं द्रव्यें जंतूंस गिळणाऱ्या आपल्या पेशींस जागें करितात. आतां पहारेकरी अति चवताळला म्हणजे घरच्याच माणसांवर काठी उगारतो; तसें शरीराचें रक्षकबळ कधीं कधीं स्वतःच्याच यकृतावर उलटतें. कोरोनाच्या सांथींत हें दिसून आलें. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० ह्या काळांत मुंबईच्या डॉक्टरांस गुळवेल घेणारे असे सहा रोगी आढळले. त्यांची हकीकत २०२१ सालीं छापली गेली. आयुष मंत्रालयानें हरकत घेतली कीं, वनस्पतीची ओळख नीट पटविलेली नाहीं. गुळवेलीसारखीच दिसणारी, खोडावर फोडच फोड असलेली दुसरी जात असूं शकेल. हरकत रास्त होती. परंतु २०२२ सालीं देशांतील १३ रुग्णालयांतून अशा ४३ रोग्यांची माहिती पुढें आली, आणि त्यांत रोग्यांनीं घेतलेल्या वेलीचे कांहीं नमुने तपासले असतां ती खरी गुळवेलच निघाली. काढा सुरू केल्यापासून दुखणें दिसेपर्यंत साधारणपणें दीड महिना लोटला होता. मधुमेह किंवा थायरॉईडचा विकार आधींपासून असलेले त्यांत पुष्कळ होते.

म्हणून महिनोन्‌महिने रोज पेलाभर काढा पिण्याची चाल आम्हांस घातक वाटते. ज्यास पूर्वीं कावीळ झाली आहे, जो दारू पितो, ज्यास मधुमेह किंवा संधिवात आहे, त्यानें तर डॉक्टरांस विचारल्यावांचून ती घेऊंच नये. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना उडाली, तर काढा त्याच दिवशीं बंद करावा. त्यावर काविळीचें आणखी झाडपाल्याचें औषध देऊं नये. उपदेशकानें अशा घरीं भेट दिली असतां, गेल्या तीन महिन्यांत काय काय प्यालें, हें आधीं विचारावें. पुष्कळ लोक काढ्यास औषध समजतच नाहींत व सांगावयाचें राहून जातें. रोग्यास सरकारी दवाखान्यांत नेतांना त्या वेलीचें वीतभर कांडें पानांसह बरोबर घ्यावें.