तारू, डायनासोर आणि तिसरीचं विज्ञान

प्रश्न : आम्ही मूळचे नगरचे. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. सध्या टेक्ससमध्ये, डॅलसजवळ राहतो. मुलगी आठ वर्षांची आहे, यंदापासून तिला घरीच शिकवायचं ठरवलंय. चर्चमधल्या मैत्रिणी म्हणतात, गणित कुठलंही घे, विज्ञान मात्र ख्रिस्तीच घे. एकीकडचं पुस्तक चाळलं, तर त्यात पृथ्वी जेमतेम सहा हजार वर्षांची! आम्ही नगरला रविवारी चर्चमध्ये उत्पत्तीचा पहिला अध्याय ऐकला आणि सोमवारी शाळेत उत्क्रांतीचा धडा शिकलो. त्यावरून घरात कधी वाद झाल्याचं आठवत नाही. मग आता पुस्तक निवडायचं कसं? आणि काही वर्षांनी भारतात परतलो, तर मुलीचं कुठे अडेल का?

उत्तर : पुस्तक हातात आलं की मुखपृष्ठ, मनोगत सगळं बाजूला ठेवा आणि आधी डायनासोरचं पान उघडा. डायनासोर माणसाच्या बरोबरीने राहत होते असं तिथे लिहिलंय, की कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झाले असं, की लेखकाने हुशारीने विषयच टाळलाय? ‘ख्रिस्ती विज्ञान’ या एका शिक्क्याखाली हे तिन्ही प्रकार विकले जातात. आणखी खात्री हवी असेल तर ग्रँड कॅन्यनचं पान बघा. तिथले खडकांचे थर नोहाच्या जलप्रलयाने एका दमात घातले असं म्हटलं असेल, तर पुढचं सगळं पुस्तक कोणत्या बाजूचं ते तुम्हाला कळलं.

यातला सहा हजारांचा आकडा जुना आहे. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी 1650 मध्ये बायबलमधल्या वंशावळींवरून हिशेब मांडून जगाची निर्मिती इसवी सनापूर्वी 4004 मध्ये झाली असं काढलं होतं. पण त्या आकड्याला विज्ञानाचा पोशाख चढला तो अमेरिकेत आणि बराच अलीकडे. जॉन व्हिटकॉम्ब हे धर्मशास्त्री आणि हेन्री मॉरिस हे जलअभियंता, या दोघांचं जलप्रलयावरचं पुस्तक 1961 मध्ये आलं आणि तिथून ही चळवळ फोफावली. केंटकीत 2016 पासून 510 फूट लांबीचं नोहाचं तारू उभं आहे, त्यातल्या पिंजऱ्यांत डायनासोरही ठेवलेत. घरी शिकवण्याची लाट आणि ही चळवळ अमेरिकेत साधारण एकाच काळात वाढली. म्हणून बाजारातली बहुतेक ख्रिस्ती विज्ञानाची पुस्तकं या गोटातली आहेत. तुमच्या आजोबांच्या श्रद्धेत काही कमी होतं म्हणून नगरच्या घरात वाद झाला नाही, असं अजिबात नाही. तो वाद त्यांच्या दारात आलाच नव्हता.

ही एकच वाट ख्रिस्ती आहे, असंही नाही. पोप पायस बारावे यांनी 1950 मध्ये उत्क्रांतीच्या अभ्यासाला मोकळीक दिली आणि जॉन पॉल दुसरे यांनी 1996 मध्ये उत्क्रांती ही नुसती कल्पना उरलेली नाही असं सांगितलं. वाटाण्यांवर प्रयोग करणारा मेंडेल मठवासी होता. विश्व प्रसरण पावतंय हे गणितातून मांडणारे लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होते. मैत्रिणींशी बोलताना ही दोन नावं जवळ असू द्या, उपयोगी पडतील.

आता पुस्तकांकडे वळू. अपोलोजियाची प्राथमिक मालिका तुम्हाला सगळ्यांत जास्त सुचवली जाईल. एक विषय घेऊन वर्षभर त्यातच मुरायचं, ही तिची पद्धत. एक वर्ष वनस्पती, एक वर्ष आकाश, एक वर्ष पक्षी. गोष्ट सांगितल्यासारखी भाषा, मुलाने ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं, वहीत चित्रं काढायची. दोन वयांची भावंडं एकत्र शिकू शकतात. मला ही पुस्तकं वाचायला आवडतात, हे कबूल करतो. पण प्राण्यांची विभागणी बघा. निर्मितीच्या पाचव्या दिवशी उडणारे जीव झाले, म्हणून प्राणिशास्त्राच्या पहिल्या पुस्तकात पक्ष्यांबरोबर वटवाघूळ आणि कीटकही येतात. वटवाघूळ सस्तन आहे हे पुस्तक सांगतं, लपवत नाही. तरी मुलीच्या डोक्यातली पहिली मांडणी पंखांवरून होते, पिलाला दूध कोण पाजतं यावरून होत नाही. पुढे शरीररचनेवरून वर्गीकरण शिकताना तिला ती मोडावी लागेल. तेवढी तयारी असेल तर खुशाल घ्या.

जे वाइल यांची बेरियन बिल्डर्सची मालिका विज्ञान इतिहासाच्या क्रमाने शिकवते. निर्मितीच्या दिवसांपासून सुरू होऊन प्राचीन ग्रीक, मग वैज्ञानिक क्रांती, असं पुढे सरकत जाते. वाइल स्वतः अणुरसायनशास्त्रातले डॉक्टरेट आहेत आणि त्यांच्या धड्यांतले प्रयोग बहुतेक स्वयंपाकघरातल्या सामानावर होतात. पृथ्वीच्या वयाबाबत तेही तरुण पृथ्वीवालेच. फ्लोरिडातल्या पेन्साकोलाचं अबेका आणि दक्षिण कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलचं बॉब जोन्स विद्यापीठाचं प्रकाशन ही दोन्ही शाळेच्या साच्यातली. धडा, प्रश्न, चाचणी. ज्या आईला रोज काय करायचं ते आखून हवंय तिच्यासाठी ठीक. आठ वर्षांच्या मुलीला रोज रकाने भरायला लावून विज्ञानाची गोडी लागेल असं मला वाटत नाही.

चौथी वाट मैत्रिणी सांगणार नाहीत. विज्ञानाचं पुस्तक धर्माच्या बाजूने किंवा विरोधात काहीच न बोलणारं घ्यायचं आणि उत्पत्तीचा अध्याय घरच्या प्रार्थनेत, आपल्या पाळकांनी शिकवला तसा शिकवायचा. बर्नार्ड नेबेल यांचं लहान मुलांच्या विज्ञानाचं पुस्तक असं आहे. मात्र ते मुलाने वाचायचं नाही, आईने आदल्या रात्री वाचून दुसऱ्या दिवशी बोलायचं आहे. मेहनत जास्त पडते, चित्रं कमी आहेत.

निवडताना मी पृथ्वीच्या वयाइतकंच वजन प्रयोगाच्या पानाला देईन. एक पान उघडून बघा. समजा मटकीला मोड आणायचा प्रयोग आहे. एक वाटी खिडकीत, एक बंद कपाटात. ‘अंधारातले मोड पांढुरके आणि लांबुडके होतील’ असं पुस्तक आधीच सांगून टाकत असेल, तर मुलीने करायचं काय उरलं? नुसती हजेरी. चांगलं पुस्तक आधी विचारतं, तुला काय वाटतं, का वाटतं, लिहून ठेव. मग चार दिवस बघायला लावतं. आणि तुझा अंदाज चुकला तर पुन्हा करून बघ म्हणतं. तिसरी-चौथीत हाताला आणि डोळ्याला लागलेली ही सवय मोठेपणी टिकते. पृथ्वीच्या वयाचा आकडा ती पुढे स्वतःही तपासू शकेल.

तो आकडा तुमच्या घरात फार दिवस दाराबाहेर राहणार नाही, हेही लक्षात घ्या. सुट्टीत नगरला आलात आणि हरिश्चंद्रगडावर गेलात, की कोकणकड्यावर लाव्ह्याचे एकावर एक रचलेले थर तिला दिसतील. दख्खनचा हा काळा कातळ सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि पृथ्वी सुमारे 454 कोटी वर्षांची. हे आकडे किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या क्षयावरून वेगवेगळ्या पद्धतींनी काढलेले आहेत आणि एकमेकांशी जुळतात. मुलगी ‘हे किती जुनं?’ असं विचारणारच. पुस्तक एक सांगतं आणि मामा दुसरं, असं झालं तर त्या वेळी काय बोलायचं ते तुम्ही दोघांनी आधीच ठरवून ठेवा. मुलं मतभेद पचवतात. आईवडिलांची टाळाटाळ मात्र त्यांच्या लगेच लक्षात येते.

कायद्याचं म्हणाल, तर टेक्सस फार मोकळं आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1994 च्या लीपर निकालानंतर घरची शाळा ही खासगी शाळाच मानली जाते. वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व, एवढे पाचच विषय बंधनकारक आहेत. या यादीत विज्ञान नाही! म्हणजे तुम्ही शिकवलं नाही तरी कोणी दार ठोठावणार नाही. उद्या नोकरीमुळे न्यू यॉर्क किंवा पेन्सिल्व्हेनियात जावं लागलं, तर तिथे विज्ञान सक्तीचं आहे आणि कागदपत्रंही द्यावी लागतात. म्हणून वही, चित्रं, प्रयोगांच्या नोंदी तारीख घालून पहिल्या दिवसापासून जपा.

हायस्कूलच्या वेळी मात्र डोळ्यांत तेल घालून निवड करा. कॅलिफोर्निया विद्यापीठाने अबेका आणि बॉब जोन्सच्या जीवशास्त्राच्या पुस्तकांवर आधारलेले काही अभ्यासक्रम प्रवेशासाठी ग्राह्य धरले नाहीत. ख्रिस्ती शाळा त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या आणि 2008 मध्ये व पुन्हा अपिलात 2010 मध्ये हरल्या. प्राथमिकच्या पुस्तकाने असं काही अडत नाही.

भारतात परतलात तर मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची दहावी 14 वर्षं पूर्ण झाल्यावर बाहेरून देता येते. त्याआधी नेहमीच्या शाळेत घालायचं असेल, तर प्रवेशाचे नियम त्या शाळेलाच विचारा. तिथे अडचण बहुधा विज्ञानाची येणार नाही, मराठीची येईल. तेव्हा घरात मराठी वाचन बंद पडू देऊ नका.

तुमच्या पत्रावरून माझा कौल असा : पहिल्या वर्षी नेबेल किंवा तसंच तटस्थ पुस्तक, जोडीला अपोलोजियाचं वनस्पतींवरचं एक पुस्तक मैत्रिणीकडून उसनं. पूर्ण संच एकदम विकत घेऊ नका. सहा आठवडे चालवून बघा आणि मुलगी स्वतःहून वही उघडते का ते मला कळवा.