बैलाच्या कानात टॅग, माणसाच्या हातात चिप?

प्रश्न : आमच्या दोन्ही बैलांच्या कानांत बारा आकडी पिवळे टॅग आले. टॅग नसेल तर जनावर बाजारात विकताना अडवतात, दवाखान्यातही विचारतात. परवा पानठेल्यावर एकाने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. परदेशात म्हणे माणसांच्या हातात चिप बसवतात, आणि उद्या आपलं सरकारही तशी सक्ती करणार आहे. तिथे बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "आता माणसायच्याबी कानाले टॅग लावतीन का जी?" सगळे हसले, मला हसू आलं नाही. खरंच असा हुकूम निघाला तर माणसाने तो मानावा का? आणि आपण कुठे जातो, काय करतो, हे ती चिप सरकारला सांगते का?
– एक वाचक, सेलू (जि. वर्धा)

उत्तर : हुकूम असेल तर मानू नये, असं माझं स्वच्छ मत आहे. त्याची कारणं सांगतोच. पण तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण व्हिडिओतली निम्मी भीती त्यातच आहे.

ही चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कुपी. तिच्यात बॅटरी नसते. वाचणारं यंत्र काही सेंटिमीटरवर आणलं की त्याच्या लहरींवर ती क्षणभर जागी होते, एक आकडा सांगते आणि पुन्हा गप्प बसते. पाळीव कुत्र्या-मांजरांच्या चिपमध्ये पंधरा आकडे असतात, बस. मालकाचं नाव, पत्ता, लशीची तारीख हे सगळं कुठल्यातरी संगणकात असतं. कुपीत त्यातलं काही नसतं. म्हणजे चिप तुमची पाळत ठेवत नाही. तुमचा आकडा कोणकोणत्या दारात वाचला गेला याची नोंद जो ठेवतो, तो पाळत ठेवतो.

ठावठिकाणा सांगायला काय लागतं, हे तुमच्या भागाने पाहिलेलं आहे. २०१७च्या जुलैत ब्रह्मपुरी भागातून पकडलेली एक वाघीण बोरच्या जंगलात सोडली होती. तिच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणजे बॅटरी आणि अँटेना बसवलेला चांगला जाडजूड पट्टा. वाघीण बोरमध्ये थांबली नाही, गावोगाव फिरली, माणसं मारली गेली, प्रकरण हायकोर्टात गेलं. आणि ऑक्टोबरमध्ये ती वर्धा जिल्ह्यातच, कुंपणाच्या तारेत सोडलेल्या विजेने मेली. ती कुठे आहे हे कॉलरमुळे कळत होतं. पुढच्या शेताच्या तारेत वीज आहे, हे कॉलर कशी सांगणार? सांगायचा मुद्दा एवढाच की, असला पट्टा कातडीखाली बसत नाही. त्याची गरजही नाही, कारण आपल्या खिशातला मोबाइल दिवसभर टॉवरला आपली हजेरी देत असतो, आणि तो आपण स्वतःच्या पैशाने विकत घेतो.

आता व्हिडिओत खरं किती? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ मध्ये 'व्हेरिचिप' नावाच्या मानवी चिपला परवानगी दिली. बेशुद्ध रुग्णाची ओळख पटावी, हा हेतू होता. आत सोळा आकड्यांचा एक क्रमांक. चिप अंगात सरकू शकते, एमआरआयच्या वेळी अडचण येऊ शकते, असे धोके त्याच प्रशासनाने नोंदवले होते. धंदा चालला नाही आणि २०१० मध्ये कंपनीने विक्री बंद केली. स्वीडनमध्ये काही हजार लोकांनी हौसेने चिप बसवून घेतल्या. २०१७ मध्ये तिथल्या रेल्वेने त्यावर तिकीटही तपासायला सुरुवात केली. हौस त्यांची, हात त्यांचा, आपण कशाला बोला! पण आपल्या सगळ्या नागरिकांना चिपची सक्ती करणारं सरकार आजवर जगात झालेलं नाही. उलट अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने २००६ मध्येच असली सक्ती करायला मनाई करणारा कायदा केला, आणि पाठोपाठ आणखी काही राज्यांनी केला.

एक उदाहरण मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. इंडोनेशियाच्या पापुआ प्रांतात २००८ मध्ये काही एड्सग्रस्तांच्या शरीरात चिप बसवावी, असा प्रस्ताव आला होता. ओरड झाली आणि तो बारगळला. प्रस्ताव कोणासाठी आला ते पाहा. आमदारांसाठी नव्हे. ज्यांची बाजू घ्यायला शेजारीही कचरतो, अशांसाठी.

तुमच्या मुख्य प्रश्नाला सर्वात चांगलं उत्तर दिलेला माणूस सेलूपासून फार लांब राहत नव्हता. १९३६ मध्ये सेवाग्रामला, तेव्हाच्या शेगावला, येऊन राहिलेल्या गांधीजींचा पहिला मोठा लढा मिठाचा नव्हता, चंपारणचाही नव्हता. तो ओळखपत्राचा होता. १९०६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवाल सरकारने वटहुकूम आणला. आठ वर्षांवरच्या प्रत्येक हिंदी माणसाने नोंदणी करायची, दाही बोटांचे ठसे द्यायचे, परवाना सतत जवळ बाळगायचा, पोलिसाने मागितला की दाखवायचा. घरात शिरून मागितला तरी. ११ सप्टेंबर १९०६ ला जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात सभा भरली आणि हा कायदा मानायचा नाही, अशी लोकांनी शपथ घेतली. सत्याग्रहाचा जन्म तो.

इथवर पाठ्यपुस्तकात असतं. पुढचा भाग तिथे सहसा नसतो, आणि आपल्या कामाचा तोच आहे. १९०८च्या जानेवारीत गांधीजी तुरुंगात असताना ट्रान्सवाल सरकारातले मंत्री जनरल स्मट्स यांच्याशी तडजोड झाली. हिंदी लोकांनी आपखुशीने नोंदणी करावी, मग सरकार काळा कायदा मागे घेईल, अशी. गांधीजी कबूल झाले, दहा बोटांच्या ठशांनाही! लोक चक्रावले. ज्या ठशांविरुद्ध तुरुंगात गेलो, तेच आता द्यायचे? मीर आलम नावाच्या पठाणाला वाटलं, याने समाज विकला. १० फेब्रुवारीला गांधीजी नोंदणी कचेरीकडे निघाले असताना त्याने रस्त्यात गाठून विचारलं, कुठे निघालात. दहा बोटांचे ठसे देऊन परवाना घ्यायला, असं सांगून गांधीजींनी वर त्यालाच देऊ केलं, की तू आलास तर तुझा परवाना आधी काढून देतो, आणि तुला नुसते दोन अंगठेच द्यावे लागतील. उत्तर डोक्यावर बसलेल्या काठीने मिळालं. गांधीजी बेशुद्ध पडले, आणि शुद्धीवर आल्यावर त्यांना रेव्हरंड डोक या ओळखीच्या पाद्र्यांच्या घरी न्यावं लागलं. पण शब्द दिला होता, म्हणून त्यांनी नोंदणी अधिकाऱ्याला कागद घेऊन तिथेच बोलावलं आणि अंथरुणावरून ठसे दिले.

गांधीजींचं म्हणणं मला त्या पठाणाच्या म्हणण्यापेक्षा जास्त पटतं, पण पठाणाचा राग खोटा नव्हता, हेही खरं. गांधीजींचा आक्षेप शाईला नव्हता. दाही बोटांचे ठसे कायद्याने फक्त गुन्हेगारांचे घेतात, हे त्यांनी हेन्री या पोलीस अधिकाऱ्याच्या पुस्तकात वाचलं होतं. म्हणजे हा कायदा अख्ख्या जमातीला आधीच गुन्हेगार धरत होता. तोच ठसा आपल्या मर्जीने दिला तर त्यातला अपमान निघून जातो, असं त्यांचं गणित. स्मट्सने मात्र कायदा मागे घेतला नाही. तेव्हा १६ ऑगस्ट १९०८ ला जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात मोठी कढई ठेवली गेली, रॉकेल ओतलं आणि दोन हजारांवर परवाने जाळले. त्यात मीर आलमही आला. आपली चूक कबूल करून त्याने आपला जुना परवाना जाळायला दिला. हा सगळा इतिहास गांधीजींनी १९२३ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात सांगायला घेतला, म्हणून तो आपल्यापर्यंत इतक्या बारकाव्याने आला आहे.

आता यात चिप घालून पाहा. तडजोड मोडली तेव्हा त्या लोकांच्या हातात परत करायला, जाळायला कागद होता. दंडात कुपी असती तर? सरकारने शब्द फिरवल्यावर तुम्हाला आधी डॉक्टर शोधावा लागेल, आणि तो मिळेल की नाही हेही बहुधा सरकारच ठरवेल. चिप नाकारण्याचं माझं मोठं कारण हे आहे. आरोग्याचे धोके त्यामानाने किरकोळ म्हणता येतील.

दुसरं कारण आपल्या घरातलं. १८७१पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी पारधी, कैकाडी, भामटा अशा किती समाजांना जन्मानेच संशयित ठरवलं; १९११च्या कायद्याने त्यांचे ठसे घ्यायचा अधिकार दिला. हजेरी द्यायची, गाव सोडताना परवानगी घ्यायची. सोलापूरला तर तारेच्या कुंपणातली वसाहत होती. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, पण चोरी झाली की पोलीस आजही आधी कोणत्या बेड्यावर, म्हणजे कोणाच्या वस्तीवर, जातात, हे वर्धा जिल्ह्यातल्या वाचकाला मी सांगायला नको. कागदावरची खूण पुसून सत्तर वर्षं झाली तरी ही गत. अंगातली खूण कोण पुसणार?

कायद्याचं थोडक्यात. २०१७ मध्ये आधार-पॅन जोडणीच्या खटल्यात तेव्हाचे महान्यायवादी मुकुल रोहतगी यांनी सुप्रीम कोर्टात सांगितलं होतं, की नागरिकाचा स्वतःच्या शरीरावर निरपेक्ष हक्क नसतो. त्याच वर्षी २४ ऑगस्टला नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २ मे २०२२ च्या निकालात कोर्टाने म्हटलं, की कोणावरही लशीची सक्ती करता येत नाही, शरीरावरचा हक्क घटनेच्या २१व्या कलमात येतो. लस रोग रोखण्यासाठी, जीव वाचवण्यासाठी असते. तिचीही सक्ती होत नसेल तर निव्वळ ओळखीसाठी सुई टोचणं कोर्टात टिकेल असं मला वाटत नाही.

पण त्याच निकालात एक फट आहे. लस न घेणाऱ्यांवर सरकार वाजवी बंधनं घालू शकतं, असंही कोर्ट म्हणालं. २०२१ मध्ये मुंबईच्या लोकलमध्ये दोन डोस घेतलेल्यांनाच पास मिळत होता. सुई घेऊन घरी कोणी आलं नाही, पण कामावर जायचं तर दुसरा रस्ता नव्हता. सक्ती आता अशी येते. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत देशातलं पहिलं आधार दिलं गेलं, तेव्हा ते ऐच्छिकच होतं. पुढे रेशन, गॅस, पेन्शन एकेक करून त्याला बांधलं गेलं. २६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक मतांनी आधार कायदा टिकवला. बँक खातं आणि मोबाइलसाठीची अट मात्र काढली. शेतकरी ओळख क्रमांक तर तुम्ही काढलाच असेल, कारण तो नसेल तर कृषी योजना मिळत नाहीत.

म्हणून खरं सांगू? सरकारला तुमच्या हातात चिप बसवायची गरजच उरलेली नाही. बोट आहे, डोळा आहे, चेहरा आहे, मोबाइल आहे. हे चारही तुम्ही आधीच देऊन बसलात, मीही बसलोय. तेव्हा चिपच्या हुकुमाची वाट पाहत बसण्यापेक्षा आज जे चालू आहे त्यालाच एक प्रश्न विचारायला हवा : ज्याच्याकडे हे नाही, किंवा असून चालत नाही, त्याला त्याचं देणं मिळतं का? मिळत असेल तर ती सोय आहे. मिळत नसेल तर अर्जावर 'ऐच्छिक' छापलं असलं तरी तो हुकूम आहे.

कापूस वेचणीच्या दिवसांत बोंडांच्या टोकांनी बोटं सोलवटतात आणि रेशनच्या मशीनवर बायांचे अंगठे लागत नाहीत. "उद्या या" ऐकून त्या परत फिरतात. त्यांनी फिरू नये. केंद्राच्या अन्न खात्याने २४ ऑक्टोबर २०१७ ला सर्व राज्यांना लिहून कळवलं आहे, की अंगठा जुळला नाही किंवा आधार नाही म्हणून पात्र कुटुंबाचं धान्य अडवायचं नाही; कागद पाहून धान्य द्यायचं आणि वेगळ्या रजिस्टरला नोंद करायची. दुकानदाराला ते रजिस्टर मागा. नाही म्हणाला तर तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, किंवा १९६७ या टोल-फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवा.