नाकावर विसंबू नकोस

पोरी, पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून तेल झिरपलंय का, हे शोधायच्या कामावर तू रुजू होतेयस. नमुने कसे घ्यायचे, बाटल्या बर्फात कशा ठेवायच्या, हे तुला कॉलेजात शिकवलंय. मी माणसांचं सांगतो. बोअरिंगच्या साइटवर माझं आयुष्य गेलं आणि एक गोष्ट सगळीकडे दिसली. खड्ड्याच्या सर्वांत जवळ जो असतो, त्याला सर्वांत कमी सांगितलेलं असतं. इंजिनियरच्या गळ्यात मीटर, आणि माती उकरणाऱ्या बिगाऱ्याच्या तोंडाला नुसता रुमाल.

आधी आपली जमीन ओळख. मीरा-भाईंदर रोडवरच्या सिल्व्हर पार्कपासून भाईंदरच्या खाडीपर्यंतचा पट्टा सखल. कुठे मिठागरं होती, कुठे खाजण. त्यावर भराव पडला आणि इमारती उठल्या. अशा जागी पाणी फार खोल नसतं. पेट्रोल-डिझेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून गळलेलं तेल खाली उतरून भूजलाच्या माथ्यावर तरंगतं. पावसाळ्यात पाणी चढलं की तेलही चढतं. एप्रिलमध्ये निर्धोक वाटलेली बोअर जुलैत तशी असेलच असं नाही, तेव्हा दर खेपेला नव्याने मोजायचं. शिवाय काळ्या दलदलीच्या चिखलातून कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू निघतो. तो वाढला की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजून माणसं खाली उतरतात आणि तिथेच राहतात.

बेंझिनचंही नाकाला कळत नाही. भारतातल्या बीएस-६ पेट्रोलमध्ये ते १ टक्क्यापर्यंत चालतं. रक्ताचा कर्करोग करणारं हे द्रव्य. अमेरिकेत आठ तासांच्या पाळीसाठी हवेत दहा लाखांत १ भाग ही त्याची मर्यादा आहे, आणि बहुतेकांना त्याचा वास येतो तो ही मर्यादा ओलांडल्यावरच. रुमाल, सर्जिकल मास्क, एन-९५ यांतलं काहीही वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज असलेला मास्कच लागतो, तोही चेहऱ्याला घट्ट बसणारा. दाढी राखलेल्या माणसाला तो नीट बसत नाही, हे त्याला आदल्या दिवशी सांगायचं, साइटवर नाही.

आता मीटर. इथे शिकलेली माणसंसुद्धा फसतात. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ टक्के झाली की ठिणगीने पेट घेते. स्फोटमापक मीटर त्यालाच १०० म्हणतो. काटा १० वर आला की काम बंद, मशीन बंद, माणसं वाऱ्याच्या वरच्या अंगाला. पण गणित करून बघ: मीटरवरचे १० म्हणजे हवेत दहा लाखांत १,४०० भाग वाफ. स्फोटाच्या दृष्टीने ही पहिली सूचना. फुप्फुसांच्या दृष्टीने केव्हाच उशीर झालेला. म्हणून स्फोटमापक शून्य दाखवतोय यावरून श्वासाला हवा चांगली आहे असं ठरत नाही. त्यासाठी अगदी थोडी वाफ टिपणारा पीआयडी मीटर वेगळा मागून घे. आणि ऑक्सिजन आधी बघ; तो कमी असेल तर स्फोटमापकाचा आकडाही खोटा पडतो. रोज सकाळी दोन्ही मीटर माहीत असलेल्या गॅसवर तपासल्याशिवाय हातात घेऊ नकोस.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती खड्ड्यात साचते आणि गटाराने चालत जाते. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात १९९२ साली तेलवाहिनीतलं पेट्रोल सांडपाण्याच्या वाहिन्यांत उतरलं. लोक आधीपासून वासाची तक्रार करत होते. २२ एप्रिलला रस्तेच्या रस्ते उडाले आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. तेव्हा मीरा-भाईंदर रोडवर काम करताना फक्त पंपाच्या कुंपणात मोजू नकोस. बाहेरच्या गटारांची झाकणं, शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीची तळखोली, लिफ्टचा खड्डा हेही बघ. तिथे विडी ओढणाऱ्या वॉचमनला तुझ्या कामाची कल्पना नसते.

बोअर लावण्याआधी दीड मीटरपर्यंत हाताने खणून घ्यायचं. या रस्त्याखाली विजेच्या केबल, गॅसचा पाइप, पाण्याची लाइन सगळं आहे, आणि नकाशे कागदावर जितके सरळ दिसतात तितकी जमीन सरळ नसते. पहार घालायची नाही. मुठीला इन्सुलेशन असलेली फावडी वापरायची.

दीड मीटरहून खोल चर आधाराशिवाय ठेवायचा नाही, असं भारतीय मानक ३७६४ सांगतं. उकरलेली माती काठापासून किमान दीड मीटर लांब. नमुना घ्यायला मात्र कोणालाच आत उतरवू नकोस. जेसीबीच्या बकेटमध्ये माती वर आण आणि तिथून घे. कोणी आत कोसळला तर त्याच्यामागे उडी मारू द्यायची नाही. वाचवायला गेलेला दुसरा, मग तिसरा, हे आपल्याकडे गटारांत आणि सेप्टिक टाक्यांत कितीदा घडलंय.

रिकाम्या टाकीला भरलेल्या टाकीपेक्षा जास्त जप. आतल्या तेलाची जागा वाफ आणि हवा घेते. वायुमुक्तीचा दाखला हातात नसताना तिच्यावर कटर लावायचा नाही, मालक कितीही घाई करो. टँकरमधून तेल उतरत असेल तेव्हा तुमचं मशीन बंद ठेव.

तेलकट माती लागलेले हातमोजे लगेच बदल. बेंझिन पातळ रबरातून पार होतं. हात पेट्रोलने धुणारे मुकादम भेटतील, त्यांना अडव. वडापाव कुंपणाबाहेर, हात साबणाने धुऊन. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला जाऊ देऊ नकोस.

आणि सकाळी यंत्र सुरू करण्याआधी सगळ्यांना एकत्र उभं कर. ज्याला जी भाषा कळते त्या भाषेत सांग: खाली काय आहे, मीटरचा भोंगा वाजला तर कुठे पळायचं, १०१ आणि १०८ कोण लावणार. डोकं दुखलं, गरगरलं तर बिगाऱ्यानेही काम थांबवावं आणि त्याची मजुरी कापली जाणार नाही, हे ठेकेदाराच्या तोंडून सर्वांसमोर वदवून घे. तुझ्याकडे जेवढे चांगले मास्क असतील, त्यांतला पहिला मास्क माती उकरणाऱ्याला दे. मास्क कमी पडले तर त्या दिवशी काम सुरू करू नकोस.