फवारणी पंपाचा वायसर : मापाबरोबर रबरही पाहा



फवारणी पंप गळू लागला की आपण जुना वायसर घेऊन दुकानात जातो आणि "याच मापाचा द्या" म्हणतो. दुकानदार माप जुळवून देतो. तो कोणत्या रबराचा आहे हे आपण विचारत नाही व तोही सांगत नाही. थोड्याच दिवसांत नवा वायसर फुगतो, मऊ पडतो आणि औषध पुन्हा पाठीवर ओघळू लागते. सन २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यामागे कारणे अनेक होती; परंतु गळक्या पंपाने पाठ भिजली तर औषध कातडीवाटे शरीरात जाते, हे विसरून चालणार नाही.

रबर सगळे काळेच दिसते, पण गुणधर्म निरनिराळे असतात. सायकलच्या जुन्या ट्यूबचा कापलेला वायसर साध्या पाण्याला चालतो, तेलकट औषधाला मुळीच चालत नाही. ज्या औषधाच्या बाटलीवर 'ई.सी.' असे लिहिलेले असते, त्यात बहुधा झायलीनसारखा द्रावक असतो. तो रबरात शिरतो व त्याला फुगवतो. पाण्यात मिसळल्यावर हा द्रावक पातळ होतो, म्हणून नायट्रिल रबराचा वायसर फवारणीच्या द्रावणात बऱ्यापैकी तग धरतो. सर्वांत टिकाऊ व्हायटॉन. ते महाग आहे, पण नेहमी ई.सी. औषधे वापरणाऱ्याने ते जरूर घ्यावे. रिकाम्या टाकीत आधी औषध ओतण्याची सवय मात्र सोडावी. तळाच्या वायसरवर निव्वळ औषध साचते आणि चांगले रबरही खराब होते. निम्मी टाकी पाण्याने भरावी, मग औषध घालावे.

ठिबक संचाची गोष्ट उलटी आहे. आम्लप्रक्रियेसाठी पातळ हायड्रोक्लोरिक किंवा फॉस्फरिक आम्ल सोडतो, तेथे ई.पी.डी.एम. रबर उत्तम. ते उन्हालाही टिकते. नायट्रिलला ऊन लागत राहिले की भेगा पडतात. पण ई.पी.डी.एम. तेलाचे शत्रू आहे. आमच्या प्रक्षेत्रावर एकदा फिल्टरचे झाकण नीट बसेना, म्हणून मीच ओ-रिंगला ट्रॅक्टरचे ग्रीस चोळले. काही दिवसांनी झाकण उघडले तर रिंग इतकी फुगली होती की ती खाचेत पुन्हा बसेना! अशा रिंगला साबणाचे पाणी किंवा सिलिकॉन ग्रीस लावावे.

ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक तेलाला व डिझेलला नायट्रिल योग्य. साध्या ग्लायकॉलयुक्त ब्रेक ऑईलला मात्र नायट्रिल नको, ई.पी.डी.एम. हवे. नाव 'ऑईल' असले तरी ते खनिज तेल नव्हे.

खरेदी करताना रबराचे नाव विचारा, शक्य तर पावतीवर लिहून घ्या. दुकानदाराला सांगता आले नाही तर एकसारखे दोन वायसर आणा. एक कोरडा ठेवा, दुसरा फवारणीच्याच मात्रेच्या द्रावणात, झाकणाच्या काचेच्या बाटलीत सात दिवस बुडवा. बाटलीवर 'विष' अशी चिठ्ठी चिकटवून ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. नंतर हातमोजे घालून दोन्ही शेजारी ठेवून पाहा. भिजलेला वायसर मोठा, चिकट किंवा लिबलिबीत झाला असेल तर तो त्या औषधाच्या कामाचा नाही. ही खूण रंगापेक्षा अधिक भरवशाची. काही जण वायसर जाळून ओळखतात, तसे कदापि करू नका; व्हायटॉन जळताना अत्यंत विषारी वायू निघतो.