आम्ही भारताचे लोक : संविधान बनवण्याचा अधिकार कोणाचा?



रोज परिपाठात आपण संविधानाची उद्देशिका म्हणतो. एकदा ती म्हणून झाल्यावर सहावीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, 'आम्ही भारताचे लोक' यात माझी पणजी पण आली का? तिला तर कुणी विचारलंच नसेल!" प्रश्न ऐकून मी अडखळलो. आजचा पाठ त्याच प्रश्नावर आहे.

सत्तेचे दोन प्रकार

गावातला बचत गट डोळ्यासमोर आणा. आधी सगळ्या बायका एकत्र बसून गटाचे नियम ठरवतात. मग त्या नियमांनुसार अध्यक्ष आणि सचिव निवडले जातात. नियम ठरवणारी ती पहिली बैठक आणि नियमांनी नेमलेला अध्यक्ष, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत बरं का.

देशाचंही तसंच असतं. संविधान घडवणारी सत्ता लोकांची असते. संसद, सरकार, न्यायालय या संविधानाने घडवलेल्या सत्ता असतात. १७८९ मध्ये, फ्रेंच राज्यक्रांतीच्या वेळी, सीयेस या विचारवंताने हा फरक स्पष्ट मांडला. राजा नव्हे, तर राष्ट्र म्हणजेच लोक हे सत्तेचं मूळ, असं त्याचं म्हणणं होतं.

आपल्याकडे काय घडलं?

१९३५ चा भारत सरकार कायदा ब्रिटिश संसदेने केला होता. आपलं संविधान मात्र संविधान सभेने बनवलं. तिची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी झाली. २२ जानेवारी १९४७ रोजी मंजूर झालेल्या उद्दिष्टांच्या ठरावात सत्तेचा उगम लोकांपासून होतो, असं सांगितलं होतं. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारलं गेलं. त्यासाठी इंग्लंडच्या राजाची संमती घेतली नाही. उलट कलम ३९५ ने १९३५ चा तो कायदा आणि ब्रिटिश संसदेचा १९४७ चा भारतीय स्वातंत्र्य कायदा, दोन्ही रद्द केले. म्हणजे आपल्या संविधानाला अधिकार बाहेरून मिळालेला नाही.

मग पणजीचं काय?

इथे खरं बोललं पाहिजे. संविधान सभेतले प्रांतांचे सदस्य प्रांतिक विधिमंडळांनी निवडले होते. त्या विधिमंडळांसाठी मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींमुळे थोड्याच लोकांना मत होतं. संस्थानांचे काही प्रतिनिधी तर संस्थानिकांनी नेमलेले होते. संविधानावर लोकांचं थेट मतदानही झालं नाही. म्हणजे त्या मुलीची शंका बरोबरच होती.

पण ज्या सभेला सगळ्यांनी निवडलं नव्हतं, तिनेच सगळ्या प्रौढांना मत दिलं. कलम ३२६ बघा. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे १७ कोटी मतदार होते. ना शिक्षणाची अट, ना जमिनीची. 'आम्ही' हा शब्द तेव्हापासून हळूहळू खरा होत गेला.

संसद सगळं बदलू शकते का?

कलम ३६८ नुसार संसद संविधानात दुरुस्ती करू शकते. पण कुठपर्यंत? २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायमूर्तींच्या पीठाने ७ विरुद्ध ६ अशा मतांनी निकाल दिला. दुरुस्ती करता येईल, पण संविधानाची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. अध्यक्षाला गटाचा एखादा नियम सुधारण्याचा अधिकार दिला, म्हणून तो गटच स्वतःच्या नावावर करून घेऊ शकत नाही, तसंच हे. यावर वादही आहे. मूलभूत काय, हे शेवटी न्यायाधीशांनीच का ठरवायचं, असं काही अभ्यासक विचारतात. हा प्रश्न रास्त आहे.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं, "बाळा, पणजीला तेव्हा कुणी विचारलं नसेल. पण मतदानाला जाऊन तिने आपलं उत्तर दिलं असेल. तू आज विचारलंस, तेही त्यातच आलं."

विचार करा :
१. संविधान सभा आणि संसद यांत काय फरक आहे?
२. घरातल्या सर्वात मोठ्या व्यक्तीला विचारा : तुम्ही पहिलं मत कधी दिलं? त्या दिवशीची आठवण वहीत लिहा.