मॉरिशसला गेलेले पूर्वज शोधताना

प्रश्न : आमच्या खापरपणजोबांचे भाऊ रत्नागिरीकडून मॉरिशसला मजुरीला गेले. आडनावाने शोधलं, काहीच सापडत नाही. नोंदी नष्ट झाल्या असतील का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : तसं समजून धीर सोडू नका. अडचण आडनावाचीच आहे. 1834पासून गेलेल्या करारबद्ध मजुरांच्या नोंदीत बहुधा स्वतःचं नि वडिलांचं नाव, वय, जात, गाव एवढंच असे. पुढे पूर्वजाचं नावच वंशजांचं आडनाव झालं. ही दप्तरं मॉरिशसमध्ये मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. तिथले नातलग सापडले, तर घरातल्या जुन्या कागदांवर मजुराला दिलेला आप्रवासी क्रमांक पाहायला सांगा. तो मिळाला की बरंच काम झालं, कदाचित फोटोही मिळेल. क्रमांक नसेल तर नावं, गाव, अंदाजे साल संस्थेला कळवा. स्पेलिंग कसंही असू शकतं. मात्र नुसत्या नावावरून नातं जोडू नका. वडिलांचं नाव आणि गाव, दोन्ही जुळायला हवीत.