नळाचे पाणी आणि नाथांचा रांजण

वाचकहो, पैठणच्या नाथवाड्यातील रांजणाची कथा कीर्तनातून आपल्या कानांवर अनेकदा आलेली आहे. द्वारकेचा राणा श्रीखंड्या हे नाव घेऊन एकनाथमहाराजांच्या घरी बारा वर्षे राबला, खांद्यावर कावड घेऊन गोदावरीचे पाणी भरीत राहिला, आणि द्वारकेहून एक ब्राह्मण शोध घेत आला तेव्हा कुठे कळले की पाणी भरणारा कोण होता! नाथषष्ठीच्या सुमारास भाविक आजही त्या रांजणात पाणी ओततात. देवाची भक्तवत्सलता कळावी म्हणून आपण ही कथा ऐकतो, ते योग्यच आहे. परंतु तिच्यात आणखी एक गोष्ट आहे, तिकडे आपलं लक्ष जात नाही. पाणी रोज येत होते, म्हणूनच ते आणणारा कोण हे कोणी विचारले नाही.

आम्हां उपनगरवासीयांची गत याहून निराळी नाही. अंधेरी असो, बोरिवली असो, मुलुंड की घाटकोपर. वेळ झाली, नळ सोडला, की पाणी. दहा मिनिटे उशीर झाला तर आपण सारी इमारत डोक्यावर घेतो. वर्षभर वेळेवर आलं, त्याबद्दल मात्र चकार शब्द नाही. तेव्हा या खेपेच्या पाठात आपण आपल्याच हंड्यात डोकावून पाहू.

१८५४ साली मुंबईत पाण्याची मोठी टंचाई झाली. विहिरी-तळ्यांवर या शहराचे भागणार नाही हे तेव्हा पटले, आणि १८६० साली विहार तलाव तयार झाला. पुढे १८७९ मध्ये तुळशी झाला. हे दोन्ही बोरिवलीच्या डोंगरराईच्या बाजूचे, म्हणजे आपल्या शेजारचे. तेवढ्यानेही पुरेना, म्हणून १८९२ मध्ये ठाणे जिल्ह्यातील तानसा, आणि स्वातंत्र्यानंतर १९५७ मध्ये वैतरणेवरचा मोडकसागर. त्यानंतर अप्पर वैतरणा, भातसा व मध्य वैतरणा. आज या सात जलाशयांतून मुंबईला रोज साडेतीन हजार दशलक्ष लिटरांहून अधिक पाणी मिळते, आणि त्यातला निम्म्याच्या आसपासचा वाटा एकट्या भातशाचा आहे. हे पाणी पिसे येथे नदीतून उपसावे लागते व पांजरापूरला शुद्ध होते. तानसा-वैतरणेचे पाणी भांडुपला येऊन गाळले जाते. तिथून डोंगरावरच्या टाक्या, आणि टाक्यांवरून आपली गल्ली. गल्लीच्या तोंडाशी लोखंडी चावी घेऊन वाकलेला पालिकेचा चावीवाला आपण पाहिला असेल. कोणती झडप कधी आणि किती फेरे फिरवायची, याचं ज्ञान त्याच्या हातांत असतं. आमच्या मते आजच्या काळचा श्रीखंड्या तोच. पण त्याला शोधायला द्वारकेहून कोणी यायचा नाही!

आता मुख्य गोष्ट. तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातल्या कितीतरी गाव-पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, आणि बाया डोक्यावर हंडे घेऊन चढ-उतार तुडवीत असतात. धरणासाठी जमीन त्यांची गेली, पाणी आपल्याला आलं. तिकडे कशाला, आपल्या दारातच पाहा. तानशाचे मोठे नळ मुलुंडवरून घाटकोपर, कुर्ल्याकडे जातात. त्या नळांना टेकून वस्त्या उभ्या आहेत, आणि तिथल्या अनेक घरांना बरीच वर्षे हक्काचा नळ नव्हता. पालिकेच्या हिशेबात इमारतीतील माणसामागे दिवसाला १३५ लिटर आणि झोपडीतील माणसामागे ४५ लिटर, असे माप दीर्घकाळ चाललेले होते. तहानही अशी दोन मापांची असते काय? १९९५ नंतरच्या झोपड्यांना तर अधिकृत जोडणीच मिळत नसे. २०१४ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की, घर बेकायदा असले तरी त्यातल्या माणसाचा पाण्याचा हक्क जात नाही. आणि २०२२ मध्ये पालिकेने सर्वांसाठी पाणी देण्याचे धोरण काढले.

कोणी म्हणतील, ज्याचं त्याचं प्रारब्ध! आम्हांला हे बोलणे पटत नाही. नळाची जोडणी प्रारब्ध देत नसते, ती कचेरीतला कागद देतो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले, तेही प्रारब्धाने नव्हे. तळे सर्वांसाठी खुले असल्याचा ठराव आधीच झालेला होता, फक्त माणसांनी ते खुले होऊ दिले नव्हते. ज्या संप्रदायात चोखोबांची समाधी महाद्वारापाशी आहे, त्यातल्या माणसाने तरी प्रारब्धाचं नाव जपून घ्यावं.

म्हणून देवापुढे हात जोडून, 'पांडुरंगा, तुझ्या कृपेने सर्व काही आहे' एवढं म्हणून मोकळं होणं आम्हांला अपुरं वाटतं. देवाचे आभार मानावेत, अवश्य मानावेत; पण ते मानताना मधली माणसं वगळली तर त्यात आळस फार येतो. उपकार कुणाचे, हे नाव-गाव घेऊन आठवावं. आषाढी वारीला गेलेल्यांना हे समजावून सांगायला नको. पहाटे तीन वाजता टँकरपुढे रांग लावून दोन तांब्यांत स्नान उरकणारे, आणि वाटेने हंडा घेऊन चालणाऱ्या माउलीकडून ओंजळभर पाणी मागून पिणारे आपणच असतो. तेव्हा एक थेंब सांडत नाही. तोच वारकरी घरी परतला की दात घासताना नळ वाहता ठेवतो, गळकी तोटी दोन-दोन महिने तशीच राहते. हे कसं होतं, याचं आम्हांला नवल वाटतं.

आणि हो, आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशी आपल्या वाहत्या नळाखाली आपली ताटं धुतात. त्यांच्या वस्तीत पाणी किती वाजता येतं, हे आपण त्यांना एकदा विचारावं. उत्तर पुष्कळदा काकड्याच्या वेळेचं निघतं.